न निजलेला कापूस

१

कोल्हापूरच्या रविवार पेठेतल्या त्या गल्लीला दुपारचं घड्याळ लागत नव्हतं. इमामबी नदाफच्या फोनची हलगी वाजली की लोक समजायचे, जेवायची वेळ झाली. ही रिंगटोन तिच्या नातीनं, अफसानानं भरून दिलेली. "दादी, तुझ्या मशीनच्या घरघरीत दुसरं काय ऐकू येणार हाय?" असं म्हणून तिनं कुठल्यातरी मिरवणुकीतली हलगी फोनात घातली, आणि आवाज असा काही वर नेऊन ठेवला की समोरच्या किराणा दुकानात पोत्यावर निजलेलं मांजर दचकून उठून बसायचं.

दुकान गाद्यांचं. पुढं तयार गाद्या, उशा, लोड. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, आणि भिंतीपासून पापणीपर्यंत सगळीकडं कापसाचं तूस. नवरा अल्लाउद्दीन गेल्यापासून इमामबी एकटीच सगळं रेटत होती. अल्लाउद्दीनची हातानं पिंजायची लांबलचक कमान मागच्या भिंतीवर टांगलेली होती. मशीन आल्यापासून तिला कामाला कुणी लावलं नव्हतं. तरी दर ईदेला इमामबी कमानीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, पुसून, तेलाचं बोट फिरवून, ताणून ठेवायची. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायची, "खात न्हाय, पीत न्हाय. टांगून ऱ्हातीया बिचारी, ऱ्हाऊ दे."

अफसानाला आईमागं इमामबीनंच वाढवलेलं. लग्न होऊन ती कागलला गेली. नवरा कामिल तिथल्या एमआयडीसीत कामाला. आता तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं की अंथरुणावरून उठायचं नाही, गाडीचा हादरा तर अजिबात नको. म्हणून इमामबीनं माहेरी आणायचा हट्ट सोडला आणि रोजच्या फोनवर भागवून घेतलं. हलगी वाजायची, इमामबी मशीन बंद करायची, आणि बोलायला सुरुवातच शिव्यांनी करायची. "काय भवाने, दूध प्यालीस का ओतलंस मोरीत?"

नदाफांच्या घरात एक रीत होती. घरात बाळ येणार असलं की पिंजायला आलेल्या जुन्या गाद्यांतून मूठ मूठ कापूस बाळाच्या गादीसाठी काढायचा. चोरून नाही, मागून. आणि मागताना गिऱ्हाईकाला विचारायचं, "ह्याच्यावर झोप चांगली लागायची का?" गिऱ्हाईक हसून म्हणायचं, "आमचं आबा तर ह्याच्यावर पडलं की ढोल बडवला तरी उठत न्हवतं." मग मूठ घ्यायची. घराघरांची झोप एका गादीत भरली की पोर कुठंही टाका, निजतंच. पण ज्याला उत्तर देता आलं नाही, त्याच्या कापसाला हात लावायचा नाही. हे अल्लाउद्दीननं तिला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात शेजारच्या त्रिशलाचा भाऊ सम्मेद एक गादी टाकून गेला. त्यानं गगनबावड्याकडं एक बंद पडलेलं घर घेतलं होतं, पाहुण्यांना उतरायला खोल्या करायच्या म्हणून. घरातल्या बाकी गाद्या बुरशीनं काळ्या पडून फाटलेल्या. ही एकच चांगली निघाली.

इमामबीनं शिवण उसवली आणि तिचे डोळेच विस्फारले. तिकडच्या पावसात भिंतींना शेवाळ धरतं, आणि हा कापूस कोरडा ठणठणीत. लांब धाग्याचा, पांढराशुभ्र. मनगटापर्यंत हात घातला तर आत ऊब. आत्ताच कुणी उठून गेल्यावर अंथरुणाला असते तशी.

"सम्मेद, ह्याच्यावर झोप चांगली लागायची का रं?"

"मावशी, कोण झोपत हुतं, कोण न्हाय, मला काय म्हाईत? एजंटाकडनं घेतलंय घर."

हे काही उत्तर नव्हतं. इमामबीला ते कळलंही. पण हात आत होता, कापूस बोटांत आलेला होता, असा कापूस आजकाल बघायला मिळत नाही, आणि बाळ अफसानाचं होतं. मूठ मिटली. मिटलेली मूठ तिनं बाळाच्या गादीत नेऊन घातली.

२

दुसऱ्या दिवशी हलगी वाजली नाही.

इमामबीनं वाट बघितली, भाकरी गार झाली, मग तिनं फोन उचलून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळायची. अफसानाच्या फोटोजवळ बोलणं झाल्याची हिरवी खूण होती. म्हणजे फोन येऊन गेला होता आणि कुणीतरी उचललाही होता. काम करताना अंगठा लागला असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण फोन तर दिवसभर मागच्या खोलीत, सम्मेदच्या कापसाच्या ढिगाशेजारी फळीवर पडून होता.

तिनं मशिदीतल्या मौलवींच्या बयानाचा व्हिडिओ लावला. मौलवी हात हलवत होते, तोंड हलवत होते, आवाज नाही. वरच्या कोपऱ्यात एक बारीक चित्र आलेलं, दोन कानांवर बसवायच्या वाट्यांचं.

ती तडक तोहिदच्या मोबाईल दुकानात गेली. तोहिदनं फोन उलटासुलटा केला, हेडफोनच्या भोकात टाचणी घातली आणि बारीकशी कापसाची वात ओढून काढली.

"चाची, हे बघा. ह्याच्यात तूस गेलंय. फोनला वाटतंय हेडफोन लावलाय. मग सगळा आवाज तिकडं."

"तिकडं म्हंजे?"

"हेडफोनात."

"हेडफोन कुठाय?"

"न्हाय की."

"मग आवाज जातोय कुठं?"

तोहिद हसला. "कुठं जातोय म्हंजे... कुठंच न्हाय. जिरतोय."

त्यानं खऱ्या हेडफोनची पिन दोन-तीन वेळा आत-बाहेर केली, फोन बंद करून चालू केला, आणि स्वतःच्या फोनवरून लावून बघितला. हलगी अशी कडाडली की रस्त्यावरनं जाणारा एकजण थांबून आत डोकावला.

"आणि हे बघा," तोहिद म्हणाला, "हेडफोन लावला असला की आलेला फोन आपोआप उचलायचा, असं कुणीतरी करून ठेवलंय. काढू का?"

"नातीनं केलंय. माझं हात कामात असत्यात म्हणून. ऱ्हाऊ दे, पोरीनं मायेनं केलंय."

"बरं. तुमच्या दुकानात ऱ्हायचं म्हटल्यावर हे परत हुणार बघा. आलं की या, काढून देतो."

बोलणं पटण्यासारखं होतं. कापसाच्या दुकानात फोनला कापूस लागणार, पिठाच्या गिरणीत पीठ लागलं असतं. इमामबी तोहिदनं फोनात लावून दिलेली हलगी ऐकत-ऐकवत गल्लीत शिरली. दुकानाची पायरी चढून मागच्या खोलीच्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि हातातला फोन एकाएकी मुका झाला.

कोपऱ्यात त्या दोन वाट्या परत आल्या होत्या. तिनं भोकात सुई फिरवली. तूस नव्हतं. काहीच नव्हतं.

३

"त्रिशला, तुझा फोन दे जरा."

त्रिशला उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. तिच्या फोनवरून अफसाना लगेच लागली.

"काय भवाने, माझा फोन बिघडलाय, म्हणून हिकडनं लावला."

"बिघडलाय कसला?" अफसाना हसली. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी तीही 'आलो-गेलो' करत पुरुषासारखं बोलायची. "कालबी बोललो, आजबी बोललो की. आणि दादी, आज तू किती गोड बोललीस गं. मला बाळा म्हटलीस. मी कामिलला सांगितलं, माझी दादी कुणीतरी बदलली."

इमामबीनं त्या पोरीला जन्मात बाळा म्हटलं नव्हतं.

"मी काय बोलले?" तिनं आवाज साधाच ठेवला. दिवस भरलेल्या पोरीला घाबरवायचं नसतं.

"विसरलीस? झोप लागती का इचारलंस. मी म्हटलं, न्हाय लागत, पोट जड झालंय. तर तू म्हटलीस, मलाबी लागत न्हाय, बाळा. किती वर्षं झाली, लागतच न्हाय."

इमामबी पाठ टेकली की घोरणारी बाई. तिच्या घोरण्याच्या तक्रारी भिंतीपलीकडून त्रिशला करायची.

फोन परत देताना त्रिशलानं विचारलं, "काय झालं? तोंड का असं केलंय चाची?"

"काय न्हाय. पोरगी चेष्टा करतीया."

आणि तिनं तसंच धरून चालायचं ठरवलं. पोटुशी बाई दुपारच्या गुंगीत काही स्वप्न बघते, काही खरं मानते. असं होतं. अफसानाची आई नव्हती का पोटुशी असताना चुलीवर कोण बसलंय म्हणून ओरडायची? होतं असं. इमामबीनं हे स्वतःला दुपारभर सांगितलं. मात्र मागच्या खोलीत जायचं काम पुढं पुढं ढकलत राहिली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मशीन मुद्दाम बंद ठेवलं. फोन मांडीवर घेऊन पुढच्या दुकानात, उजेडात बसली. बाहेर भाजीची हातगाडी, समोर मांजर, सगळं जिथल्या तिथं.

काच उजळली. अफसानाचा फोटो. आवाज नाही. इमामबीचं बोट हिरव्या खुणेपर्यंत जायच्या आत फोन आपणच उचलला गेला.

तिनं तो कानाला लावला. आत काही नव्हतं. खरखर नाही, श्वास नाही. भिंतीला कान लावल्यासारखं.

मग मागच्या खोलीतून अफसाना बोलली.

अगदी बारीक, गादीच्या आतून यावी तशी. "दादी, जेवलीस का?"

इमामबी उठली. ती आत गेली, कारण आवाज पोरीचा होता. खोलीत सम्मेदच्या कापसाचा ढीग कमरेइतका उंच. झरोक्यातला उजेड त्याच्यावर पडलेला. आवाज ढिगातून येत होता. तोहिदला नव्हतं सांगता आलं, पण आवाज कुठंतरी जात होता. इथं जात होता.

आणि ढीग उत्तर देत होता. इमामबीच्या आवाजात. पण तिनं आयुष्यात काढला नव्हता असा मऊ.

"जेवले गं बाळा. गादी तयार झाली बघ. ये तू. आजच ये."

"डाक्टर नगं म्हणतोय की."

"डाक्टरला काय कळतंय? हळूहळू गाडीतनं ये. इथं माझ्याजवळ पड. मी जागी ऱ्हाते. मी जागीच असते."

ढिगाच्या मधोमध एक खळगा होता. उशीवरनं डोकं उचलल्यावर राहतो तसा, एका कुशीवर निजलेल्या डोक्याचा. कडा अजून हळूहळू दबत होत्या, जसं कुणी कान नीट टेकवत असावं.

इमामबीनं लाल खूण दाबली. बोलणं तुटलं. तिनं ढिगावर थापटी मारली, खळगा बुजला, तूस उडालं. मांजर येऊन बसलं असेल, तिच्या डोक्यानं सांगितलं. तिनं वळून दारातून बाहेर बघितलं. मांजर समोर पोत्यावर होतं. परत ढिगाकडं बघितलं. खळगा होता. मघाशी त्याचा रोख दाराकडं नव्हता. आता दाराकडं होता.

५

"त्रिशला, फोन."

त्रिशलानं तिचं तोंड बघितलं आणि लगेच फोन लावून दिला.

"निघालो दादी," अफसाना म्हणाली. पाठीमागं गाडीचा आवाज येत होता. "फोन तुटला तर लगीच परत लावून लई घाई केलीस की गं, अंगावरच्या कापडानिशी गाडीत बसलो. कामिलला सुट्टी हुती म्हणून बरं. आता हायवेला लागतोय."

"माघारी फीर. आत्ताच्या आत्ता."

"आता गं काय? तूच म्हटलीस—"

"मी म्हटले न्हाय. अफसाना, ऐक, डाक्टरनं—"

"थांब दादी, तुझाच फोन येतोय दुसरीकडनं." आणि मग जरा गोंधळून, "तू दोन-दोन फोन कशी करतीयास?"

लाईन तुटली. परत लावला तर बिझी. परत बिझी.

इमामबीचा फोन तिच्या हातात नव्हता. तो ती ढिगाशेजारी फळीवर टाकून पळत आली होती.

"जावयाला लावा की," त्रिशला म्हणाली.

"त्याचा नंबर माझ्या फोनात हाय. आणि माझा फोन..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि मग एका दमात सगळं सांगितलं. गादी, मूठ, हाताला लागलेली ऊब, गोड आवाज. त्रिशला ऐकत होती, हातातली शेंग तशीच.

"माझ्या भावानं काय आणून टाकलं हे," ती शेवटी म्हणाली. "चाची, तो फोन बंद करून टाका. न्हायतर पाण्यात टाका."

"फोन पाण्यात टाकला तरी कापूस हाय की. आणि त्यातली मूठ बाळाच्या गादीत हाय." इमामबी पायरीवर बसली, आणि बसल्या बसल्या विचार करू लागली. घाबरलेली होती, पण तिचं डोकं घाबरून थांबणाऱ्यातलं नव्हतं. चिडलं की ते चांगलं चालायचं, आणि आता ती चिडली होती. आपला आवाज घेऊन कुणीतरी आपल्या पोरीला भरल्या पोटानं गाडीत बसवलं होतं.

"त्रिशला," ती म्हणाली, "फोनातला सगळा आवाज त्याच्या कानात जातोय. व्हय का न्हाय?"

"व्हय म्हणताय की तुम्हीच."

"आणि फोन आला की ते उचलतंय. उचलल्याबिगर त्याला ऱ्हावतच न्हाय. मग त्याला काय ऐकवायचं, ते आपल्या हातात हाय की."

ती उठली. "चल माझ्यासंगं. तुझा फोन घे."

६

फळीवरचा फोन उजळलेला होता. अफसानाचा फोटो, चालू असलेलं बोलणं. ढिगातून गोड आवाज येत होता, "...कुठवर आलीस बाळा..." त्रिशलानं इमामबीचा दंड धरला. आजवर आपल्या शेजारणीचा आवाज तिनं फक्त इमामबीच्याच तोंडून ऐकला होता.

इमामबीनं लाल खूण दाबली. "लाव," ती म्हणाली. "त्यानं लावायच्या आत लाव."

त्रिशलानं लावला. इमामबीचा फोन उजळला आणि लगेच उचलला गेला. आता त्रिशलाच्या फोनच्या पलीकडं ते होतं. नुसतं ऐकत.

इमामबीनं आपला फोन ढिगात, त्या खळग्यात ठेवला. मग बाळाची अर्धी भरलेली गादी आणून एका झटक्यात उसवली आणि तिचा कापूसही ढिगावर उपडा केला. भिंतीवरची कमान खाली घेतली. छताच्या कडीला दोरीनं अडकवली, तात कापसावर आणली, डाव्या हातात कमानीची मूठ आणि उजव्यात लाकडी ठोकळा.

"तुझा फोन तातीजवळ धर. एकदम जवळ."

"चाची, तातीचा फटका बसंल की."

"बसू दे. सोडू नगं."

आणि तिनं पहिला ठोका दिला.

ती आवाजाची जात आता गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती. तक्, आणि मागोमाग तुंऽऽन, दातांत शिरणारा, पोटातून फिरून येणारा. ठोक्यासरशी तातीला लागलेला कापूस फुटून वर उडाला. दुसरा ठोका. तिसरा. हात विसरलेले नव्हते. अल्लाउद्दीन दमला की तीच घ्यायची ही कमान, आणि तो कोपऱ्यात विडी ओढत म्हणायचा, तुझा ठोका माझ्यापेक्षा भारी पडतोय.

भारीच पडत होता. तातीचा तो आवाज त्रिशलाच्या फोनात शिरत होता आणि सरळ त्या कानात उतरत होता. मध्ये हवा नव्हती, भिंत नव्हती, पांघरूण नव्हतं.

त्रिशलाच्या फोनातून श्वास आला. मग तो गोड आवाज, "बास की गं इमामबी. कशाला कष्ट करतीस?"

तक्, तुंऽऽन.

"बास कर."

तक्, तुंऽऽन.

मग आवाज बदलला. "दादी. दादी, कळा याय लागल्यात गं. थांब की."

त्रिशलाचा हात खाली आला. "चाची, पोरगी हाय. अफसाना हाय."

"वर धर," इमामबी म्हणाली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते, पण हात थांबला नाही. "तू नंबर कुठला लावलायस?"

"तुमचा."

"आणि माझा फोन कुठाय?"

त्रिशलानं ढिगाकडं बघितलं. मग तिनं दात आवळले आणि फोन परत तातीला नेऊन भिडवला.

खोलीभर कापूस झाला. छताला, कौलांना, दोघींच्या भुवयांना. आणि त्या सगळ्या पांढऱ्यात एका जागी तूस बसत नव्हतं. तेवढी जागा रिकामी होती, माणसाच्या डोक्याएवढी, आणि ती हलत होती. या कुशीवरून त्या कुशीवर. झोपमोड झालेलं माणूस उशीत तोंड खुपसतं तशी. या कानावरून त्या कानावर. पण दुसऱ्या कानालाही तेच ऐकू येत असावं. त्रिशलानं डोळे मिटून घेतले. इमामबीनं मिटले नाहीत. ती त्या रिकाम्या जागेकडं बघत, जबडा पुढं काढून, ठोके देत राहिली. कापसाचा धागा धाग्यापासून सुटत होता. धरून राहायला त्याला गाठ उरली नव्हती, गुंता उरला नव्हता.

आणि मग ढिगातून, उघड्यावर, मोठ्यानं, तिच्याच कमानीचा आवाज घुमला. तक् तुंऽऽन. फोनातून. फोनच्या स्वतःच्या तोंडातून.

इमामबीनं ठोकळा थांबवला. वाकून फोन उचलला. कोपऱ्यातल्या दोन वाट्या गेल्या होत्या.

त्रिशलानं आपला फोन बंद केला, आणि त्या क्षणी हलगी वाजली.

काय वाजली म्हणून सांगावं. कौलं थरथरली. समोरचं मांजर उठून पळालं. किराणावाला गल्ल्यावरून ओरडला, "आली बघा इमामचाची!" आणि कुणीतरी उगाच शिट्टी मारली.

"दादी?" अफसाना घाबरलेली होती. "मघापास्नं लावतोय, बिझीच लागतंय. गोकुळ शिरगावला आलोय. काय झालंय तुला?"

"मला काय धाड भरलीया? ऐ भवाने, डाक्टरनं काय सांगितलंय? पोटात बाळ घिऊन हायवेवर फिराय लाज न्हाय वाटत? आणि त्या तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गाडी काढायच्या आधी डोकं काढून घरी ठिवलंवतंस का?"

पलीकडं मग अफसाना हसली, हसता हसता तिचा आवाज ओला झाला.

"कामिल, गाडी वळीव," ती म्हणाली. "ही खरी दादी हाय."

७

"जाळून टाकू या सगळं," त्रिशला म्हणाली. दोघी कापसात माखून दारात बसल्या होत्या, पाणी पीत. "मी सम्मेदला सांगते काय सांगायचं ते."

इमामबी ढिगाकडं बघत होती. ढीग आता दुप्पट फुललेला, हलका, ढगासारखा. आणि मधोमध तो खळगा. अगदी उथळ. दमलेल्या माणसासारखा.

"जाळायचं कशाला," ती म्हणाली. "त्याला काय पायजे ते त्यानं पोरीला पहिल्याच दिवशी सांगितलं की. झोप लागत न्हाय म्हणत हुतं. त्या कापसावर कधी कोण निजलंच न्हाय, त्रिशला. कोण हुतं ते मला म्हाईत न्हाय. पडून नुसतं ऐकत ऱ्हायलंय. पोरगीबी जागी, म्हणून तिला धरलं."

"मग आता?"

"आता काय. दुपार हाय, मी दमलीया."

आणि त्रिशला नको नको म्हणत असताना ती उठली, ढिगापाशी गेली, त्या खळग्याशेजारी एका कुशीवर पडली, आणि पदर तोंडावर घेतला.

थोड्या वेळात घोरायला लागली. भिंतीपलीकडून त्रिशलानं वर्षानुवर्षं ऐकलेलं, तक्रार केलेलं, तेच घोरणं. फोन फळीवर गप्प पडला होता. त्रिशलाला उठून जाता येईना आणि नजरही काढता येईना. इमामबीच्या डोक्याखाली कापूस दबला होता. शेजारचा खळगा होता तेवढाच होता, ताठ, जागा. मग घोरण्याच्या लयीत तो हळूहळू खोल जाऊ लागला. मान सैल पडल्यावर डोकं जड होतं, तसा. कडा मिटत आल्या. आणि एका खेपेला तो जो खाली बसला तो परत वर आला नाही.

दिवस कलता असरची बांग झाली तशी हलगी कडाडली. कागलला घरी पोचल्याचा अफसानाचा फोन. इमामबी धडपडून उठली, केसांतला कापूस झटकत.

"आले आले. कोण मेलंय का एवढं वाजाय?"

फोन वाजत होता, खोली दणाणत होती. त्रिशला मात्र खळग्याकडं बोट दाखवत होती. तो हलला नव्हता. हलगीनं पांढरं तूस थरथरत होतं, पण तो नाही.

इमामबीनं फोन घेतला, अफसानाला थांब म्हणून सांगितलं, आणि ढिगासमोर उकिडवी बसली. हात पुढं केला. मग काहीतरी आठवून थांबली.

"त्रिशला, मी निजले हुते, मला म्हाईत न्हाय. तू जागी हुतीस. रीतीनं इचारते, रीतीनं सांग. ह्याच्यावर झोप चांगली लागती का?"

त्रिशलानं त्या खोल, निवांत खळग्याकडं बघितलं.

"लागती की," ती म्हणाली. "दोघांलाबी."

इमामबीनं कापसात हात घातला. आत ऊब होती. तिनं मूठ भरली, मिटली, आणि बाळाची गादी जवळ ओढली.